चाळीस तीन

२०२३ च्या १७ जुलैला गणितज्ञ मंगला नारळीकर गेल्या. पुण्यातच, वय ८०. त्या दिवशी माझ्या फोनवर जे फॉरवर्ड आले त्यातल्या निम्म्यांत त्यांची ओळख 'जयंत नारळीकरांच्या पत्नी' एवढ्यावरच संपत होती आणि मला आठवतंय, पोळ्या करता करता मी ते वाचलं, गॅस बंद केला आणि नुसती उभी राहिले. मला इतकं लागेल असं वाटलं नव्हतं. तेव्हाच लिहायचं होतं, नाही लिहिलं. मग २०२५ च्या मे महिन्यात जयंत सरही गेले, सगळीकडे त्यांच्यावर भरभरून लिहून आलं, यायलाच हवं होतं, आणि माझं लिहिणं परत राहून गेलं. आता मात्र लिहितेच, कारण मागच्या शनिवारी आमच्या क्लासमध्ये एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून मंगलाताई डोक्यातून जात नाहीयेत.

आधी एक सांगून टाकते. मी त्यांना कधीही भेटलेले नाही. एकाच शहरात इतकी वर्षं राहून एकदाही नाही. त्यांनी मला शिकवलं ते पुस्तकातून, आणि तेही मी मोठी होऊन, नोकरीबिकरी करून दमल्यावर. तरी माझ्या आयुष्यातली गणिताची बाई कोण असं कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव घेते.

तर क्लासबद्दल. लॉकडाऊननंतर आमच्या सोसायटीतल्या आम्ही तिघीचौघींनी मागच्या वस्तीतल्या समाजमंदिरात शनिवारी दुपारी मुलांचा अभ्यास घ्यायला सुरुवात केली. दीड-दोन वर्षं शाळा नव्हती, घरात एकच फोन, तोही वडील कामावर घेऊन जाणार, मग कुठला ऑनलाइन वर्ग आणि कुठलं काय. मुलं वरच्या वर्गात ढकलली गेली होती आणि खालचं काहीच झालं नव्हतं. मी आयटीत काम करते म्हणून गणित माझ्याकडे आलं. मला वाटलं, तिसरी-चौथीचं गणित, त्यात काय एवढं!

तिथे एक तिसरीतली मुलगी होती. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. मुलीच्या शाळेच्या वहीवर लाल पेनाने शेरा होता, 'बेरीज वजाबाकी येत नाही, सराव घ्या'. मी तिला तोंडी गणितं घातली, सत्तावीस अधिक पंधरा. तिने वहीत लिहिलं ७२ अधिक १५, आणि खाली उत्तर ८७. मी म्हटलं चूक. दुसरं घातलं, त्रेचाळीस वजा सोळा. तिने ३४ मधून १६ वजा केले, हातचा बरोबर घेऊन, उत्तर १८. मी परत चूक म्हटलं. असं चारपाच वेळा झालं, तिने पेन्सिल खाली ठेवली आणि फ्रॉकच्या टोकाशी चाळा करत बसली, आणि मीही तिच्या वहीवर तोच शेरा मारायच्या बेतात होते.

घरी येऊन त्या वहीच्या पानाचा फोटो परत बघितला तेव्हा लक्षात आलं की त्या पोरीची एकही बेरीज चुकलेली नाही. ७२ आणि १५ म्हणजे ८७ च. ३४ मधून १६ गेले तर १८ च. पंधरा बरोबर लिहिलंय, सोळा बरोबर लिहिलंय, वीसपर्यंत सगळं ठीक, एकवीसच्या पुढे मात्र प्रत्येक आकडा उलटा. कारण ती कानाने ऐकते तसं लिहित होती! सत्तावीस म्हटलं की आधी सात ऐकू येतात, म्हणून आधी सात. त्रेचाळीस म्हटलं की आधी तीन. तिला गणित येत होतं, आपली संख्यांची नावं तिला फसवत होती.

आणि तिथे मला २०१९ आठवलं.

२०१९ च्या जूनमध्ये दुसरीचं नवीन गणिताचं पुस्तक आलं, बालभारतीचं, त्यात एकवीससोबत 'वीस एक' असंही वाचायला दिलं होतं. त्र्याण्णव म्हणजे नव्वद तीन, असं. काय गदारोळ झाला होता तेव्हा. चॅनलवर चर्चा, विधानसभेतसुद्धा विषय निघाला, मराठीचा खून झाला म्हणून लोक तावातावाने बोलत होते. आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसते विनोद चालले होते. मीही त्यात होते. मीही फॉरवर्ड केले, हसण्याचे इमोजी टाकले, आणि त्या बदलामागे गणिताच्या समितीच्या अध्यक्ष म्हणून मंगला नारळीकर आहेत हे माहीत असून टाकले. त्या काय म्हणतायत ते एकदाही नीट ऐकलं नाही. दोन वर्षांनी त्या मुलीची वही समोर ठेवून बसले तेव्हा मला त्या दोन दिवसांची खरंच लाज वाटली, आजही वाटते.

त्या काय म्हणत होत्या? साधंच. पहिलं म्हणजे आपल्या आकड्यांत जोडाक्षरं भरलीयत, आणि सहासात वर्षांच्या मुलाला जोडाक्षरं वाचायलाच अजून अवघड जातात. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, सत्त्याहत्तर, नव्व्याण्णव, जरा मोठ्याने म्हणून बघा. दुसरं म्हणजे म्हणण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम उलट. पंचवीस म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. इंग्रजीत ट्वेंटी फाइव्ह, क्रम सरळ. दक्षिणेकडच्या भाषांतही सरळ. आमच्या क्लासला एक कन्नड घरातला मुलगा येतो, तो घरी इप्पत्तोंदु म्हणतो, इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. वीस एक! म्हणजे हे काही आकाशातून पडलेलं खूळ नव्हतं, शेजारच्या राज्यात लोक रोज असंच बोलतात.

आणि मुख्य म्हणजे जुनी नावं त्यांनी काढून टाकलीच नव्हती. दोन्ही दिली होती. आधी ज्याने कळतं त्याने कळू दे, मग त्रेचाळीस येईलच, इतकंच. हे त्या वेळी त्या शांतपणे परत परत सांगत होत्या आणि आम्ही कुणी ऐकत नव्हतो.

मी एकदा नुसतं मोजून बघितलं. मराठीत एक ते शंभर म्हणायला जवळपास शंभर वेगळे शब्द पाठ करावे लागतात. नियम आहे असं वाटतं पण तो मध्येच हातातून निसटतो. सहाचंच बघा, सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. ह्यात सहा कुठे कुठे लपलाय ते मुलाने कसं शोधायचं? आणि एकोणतीस! कानाला तीस ऐकू येतं आणि लिहायचे वीसातले नऊ. ह्याउलट वीस एक पद्धतीत वीसपर्यंतचे वीस शब्द, मग तीस ते नव्वद सात, आणि शंभर. झाले २८. इंग्रजीतही बरोबर तेवढेच होतात. ज्या घरात आजी बसून रोज संध्याकाळी उजळणी म्हणून घेते, परवचा होतो, त्या घरातल्या मुलाला शंभर शब्द काही जड नाहीत, मला नव्हतेच जड, आणि म्हणूनच आम्हाला हसू आलं. ज्या घरात आई सात वाजता कामाला जाते आणि संध्याकाळी सात वाजता येते तिथे उजळणी कोण घेणार? मंगलाताईंच्या डोळ्यासमोर ते दुसरं घर होतं.

पुढच्या शनिवारी मी खराट्याच्या काड्या घेऊन गेले. दहा दहाच्या जुड्या बांधल्या, रबरबँड लावून, मेथीच्या जुड्या असतात तशा. चार जुड्या आणि तीन सुट्या काड्या तिच्यासमोर ठेवल्या. काय आहे? तिने बोट ठेवत मोजलं, दहा, वीस, तीस, चाळीस... आणि तीन. म्हटलं एकत्र म्हण. चाळीस तीन. म्हटलं लिही. तिने ४३ लिहिलं. एकदम. जराही न अडखळता. मग मी म्हटलं, ह्यालाच त्रेचाळीस म्हणायचं. तिने माझ्याकडे बघितलं, मग काड्यांकडे, आणि म्हणाली, "ताई, मग आधी तीन का म्हणतात? जुड्या तर आधी आहेत."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, आपल्याकडे तसं म्हणतात बाळा, जुनी पद्धत आहे. ती म्हणाली, "बरं, मी मनात चाळीस तीन म्हणीन आणि तोंडाने त्रेचाळीस म्हणीन." तिचं तिनेच ठरवलं. महिनाभरात वही सरळ झाली. शाळेत आता तिला कुणी बेरीज येत नाही म्हणत नाही.

त्यानंतर मी अप्पा बळवंत चौकात जाऊन 'गणिताच्या सोप्या वाटा' आणलं. मग 'गणितगप्पा'. दोन्ही मंगलाताईंची. शाळेच्या गणितात अडखळणाऱ्यांसाठी लिहिलेली, आणि अशा मराठीत की शेजारच्या काकू ओट्याशी उभं राहून सांगतायत असं वाटावं. कुठे 'हे तर सोपं आहे' असं म्हणून पुढे जात नाहीत. मला दहावीत ९० च्या वर मार्क होते पण व्यस्त प्रमाण आणि सम प्रमाण ह्यात मी नुसती सूत्रं लावत आले होते, ते का तसं हे मला ह्या वयात कळलं. माझी प्रत आता सेलोटेपवर उभी आहे.

त्यांचं आयुष्य मग मी शोधून शोधून वाचलं. जन्म १७ मे १९४३, माहेरच्या राजवाडे. १९६४ ला मुंबई विद्यापीठातून गणितात एम.ए., पहिल्या आल्या, कुलपतींचं सुवर्णपदक. टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे टीआयएफआरला, संशोधनाला लागल्या. मग लग्न, मग केंब्रिज, तिथे पदवीच्या मुलांना गणित शिकवलं. परत येऊन मुंबई, संसार, तीन मुली, घरात मोठी माणसं. आणि पीएच.डी. १९८१ ला. एम.ए. आणि पीएच.डी. ह्यांच्यामध्ये १७ वर्षं आहेत, ती १७ वर्षं कुठे गेली हे कुठल्याही बाईला वेगळं सांगायला नको.

२००८ मध्ये इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसने भारतातल्या स्त्री शास्त्रज्ञांच्या कहाण्यांचं एक पुस्तक काढलं, 'लीलावतीज डॉटर्स', त्यात त्यांनीही लिहिलंय. त्यात त्या म्हणतात की माझी गोष्ट म्हणजे माझ्या पिढीतल्या पुष्कळ बायकांची गोष्ट आहे, चांगलं शिकलेल्या पण करिअरच्या आधी घर ठेवणाऱ्या. तक्रार नाही, रडगाणं नाही. मी ते वाक्य वाचून माझ्या आईला फोन केला होता, ती बीएस्सी गणित आहे, लग्नानंतर तिने कधी नोकरी केली नाही. तिला वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्यांनी निदान सोडलं तरी नाही ग."

हो, सोडलं नाही. पुण्याला आल्यावर विद्यापीठात शिकवलं, भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये शिकवलं, आणि त्याच हाताने शाळकरी मुलांना, गणिताची धास्ती घेतलेल्यांना शिकवलं, त्यांच्यासाठी लिहिलं, पाठ्यपुस्तकांच्या समितीत वेळ घातला. एवढं शिकलेल्या बाईने दुसरीच्या मुलाला त्रेचाळीस लिहिताना काय होतं ह्याचा विचार करत बसावं, ही गोष्ट मला त्यांच्या सुवर्णपदकापेक्षा मोठी वाटते.

त्यांच्या पीएच.डी.चा विषयही मला फार आवडतो, म्हणजे तो मला कळतो असं नाही पण त्याचं मूळ कळतं. चाळलेल्या पूर्णांकांचा सिद्धांत, असं साधारण मराठीत म्हणता येईल. चाळणी हो, पिठाचीच. एराटोस्थेनिस नावाच्या ग्रीक माणसाने दोन हजार वर्षांपूर्वी मूळ संख्या शोधायला ही युक्ती काढली, सगळ्या संख्या लिहायच्या आणि एकेकाचे पाढे चाळून काढायचे, जे उरतील ते मूळ. मोठे मोठे गणिती आजही ह्या चाळणीची पुढची रूपं वापरतात आणि मंगलाताईंचं संशोधन त्याच वाटेवरचं होतं.

आम्ही ही चाळणी दरवर्षी १७ जुलैच्या आसपासच्या शनिवारी करतो. फोटोला हार वगैरे काही नाही. मोठ्या कार्डशीटवर १ ते १०० चा तक्ता, चार रंगाचे खडू. १ ला आधीच बाजूला ठेवायचं, तो मूळही नाही आणि संयुक्तही नाही. मग दोनचा पाढा लाल, दोन स्वतः सोडून. तीनचा निळा. पाचचा हिरवा. सातचा पिवळा. आणि मग थांबायचं. मुलं विचारतात, अकराचा नाही करायचा? म्हणते करून बघा. बावीस आधीच लाल, तेहतीस आधीच निळा, चव्वेचाळीस लाल, पंचावन्न हिरवा, कुठेच नवीन रंग लागत नाही, आणि मग कुणीतरी शोधून काढतं की अकराची पहिली नवीन जागा अकरा गुणिले अकरा, १२१, ती तक्त्याच्या बाहेरच आहे. ते शोधतानाचा त्यांचा गोंगाट ऐकायला या कधीतरी. कोऱ्या उरलेल्या चौकटी मोजायच्या, त्या २५ भरल्या पाहिजेत. आमच्याकडे पहिल्या वेळी दरवेळी २६ भरतात कारण ९१ कुणीतरी सोडलेलं असतं, ते दिसतंच मूळ संख्येसारखं. सात तेरं एक्क्याण्णव. मागच्या वर्षी ते त्या मुलीनेच पकडलं.

आता मागच्या शनिवारचं सांगते.

क्लास संपल्यावर तिची आई तिला घ्यायला आली होती, खरं तर माझ्याशी बोलायला. कुठल्यातरी बंगल्यातल्या मॅडमनी हिला नवीन कामासाठी विचारलं होतं, स्वयंपाकाचं काम, पैसे बरे. त्यांनी नंबर तोंडी सांगितला, हिने फोनमध्ये टाकला, दोन दिवस लावत होती, रॉंग नंबर. तिसऱ्या दिवशी कळलं की त्यांनी दुसरी बाई ठेवली. मला विचारायला आली होती की फोन बिघडलाय का बघा.

मी नंबर बघितला. सुरुवात ८९ ने होती. विचारलं, मॅडम काय म्हणाल्या होत्या? ती म्हणाली, "अठ्ठ्याण्णव. मी तेच टाकलं ना. आठ, नऊ."

मी काही बोलायच्या आत पोरगी म्हणाली, "आई, नव्वद आठ म्हण. मनात. मग लिही." आणि आईचा हात धरून तिला खाली सतरंजीवर बसवलं, पिशवीतून काड्या काढल्या, नऊ जुड्या लावल्या, आठ काड्या लावल्या. आईने हळूच बोट ठेवून मोजलं. चाळीस वर्षांची बाई, महिन्याचा चार घरांचा हिशोब खाड्यांसकट तोंडावर करणारी, पन्नासच्या सहा नोटांतून भाजी आणून उरलेले पैसे न चुकता परत देणारी. तिला गणित येत नाही असं तिला स्वतःलाच आयुष्यभर वाटत आलंय. तिने फोनवर ९ दाबलं, मग ८, आणि लेकीकडे बघितलं. बरोबर का? लेक म्हणाली, बरोबर.

ते काम काही परत मिळालं नाही. त्याचं मला फार वाईट वाटतं, ह्यात काही गोड मानून घ्यायला मी तयार नाही. दोन अंक उलटे पडले म्हणून एका घरातले महिन्याचे पैसे गेले. आणि २०१९ मध्ये आम्ही दोन दिवस हसत होतो.

येत्या शनिवारपासून अपूर्णांक घ्यायचेत. सहावीतली तीन मुलं अशी आहेत की पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच सगळं त्यांना येतं, एकाच्या वडिलांची भाजीची गाडी आहे, तो तर अडीचशे ग्रॅमचे पैसे माझ्याआधी सांगतो, पण फळ्यावर तीन छेद चार लिहिलं की मान खाली. पाऊण आणि तीन छेद चार एकच आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. मी 'सोप्या वाटा' परत काढून बसलेय, पानाला खुणा करून ठेवल्यात. काड्या इथे चालणार नाहीत, मोडता येईल असं गोल काहीतरी पाहिजे. निघता निघता मी हे सहज बोलले तर तिची आई चप्पल घालता घालता थांबली.

"भाकरी चालंल का ताई? मी देते करून. किती लागतील, चार?"

म्हटलं, आठ करा, मुलं खातीलही नंतर.